'बूकू'चे मराठीत काय करावे? नव्या अनुवादकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

अमेरिकी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विषय एकाच शब्दाचा आहे. फ्रेंच भाषेत 'पुष्कळ' या अर्थाने रोज हजार वेळा उच्चारला जाणारा 'बोकू' हा शब्द अमेरिकी बोलीत शिरून 'बूकू' झाला. अनौपचारिक इंग्रजीत तो कधी विनोदाने येतो, कधी फुशारकीने, तर कधी युद्धाची जुनी आठवण म्हणून येतो.

माझी आणि त्याची पहिली भेट फार लाजिरवाणी झाली. व्हिएतनाममध्ये लढून परतलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या आठवणी माझ्याकडे अनुवादासाठी आल्या होत्या, आणि रात्रीच्या पहाऱ्याच्या वर्णनात 'बूकू मॉस्किटोज' असे दोन शब्द होते. घरातल्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशात तो शब्द सापडला नाही. मागेपुढे जंगल, पाऊस आणि चिखल यांचेच वर्णन असल्यामुळे हे डासांच्या एखाद्या जातीचे नाव असावे, असे मी ठरवले आणि 'बूकू जातीचे डास रात्रभर फोडून काढत होते' असे लिहून मोकळी झाले. मजकूर तपासणारे गृहस्थ पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवत असत. त्यांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: 'ॲनोफेलिस ठाऊक आहे, क्युलेक्स ठाऊक आहे. ही जात कोणती?'

त्यानंतर हा शब्द मला आणखी चार-पाच पुस्तकांत भेटला आणि प्रत्येक वेळी त्याचे मराठी वेगळे करावे लागले. ते का करावे लागले आणि कोणत्या क्रमाने विचार केला म्हणजे चूक टळते, हे पुढे सांगितले आहे.

कामाला बसण्यापूर्वी हाताशी काय हवे

- अमेरिकी इंग्रजीचा एक मोठा शब्दकोश. मेरियम-वेबस्टर महाजालावर विनामूल्य पाहता येतो. शाळकरी द्विभाषिक कोशावर विसंबू नका. तेथे हा शब्द बहुधा मिळणार नाही.
- बोलभाषेचा कोश. जोनाथन ग्रीन यांचा 'ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग' महाजालावर उपलब्ध आहे. प्रदेशानुसार शब्द शोधायचा असेल, तर विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेला 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश' हा १९८५ ते २०१३ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झालेला कोश पाहावा.
- फ्रेंच व्युत्पत्तीसाठी 'ट्रेझोर द ला लांग फ्रांसेझ'. फ्रेंच बेताचेच येत असले, तरी त्यातील व्युत्पत्तीचा परिच्छेद शब्दकोश जवळ घेऊन उलगडता येतो.
- मराठीसाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा १८५७चा कोश. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात शोधता येतात. यांच्या जोडीला माधव जूलियन यांचा १९२५चा 'फार्शी-मराठी कोश' मिळाला तर अवश्य घ्या. फ्रेंच शब्दासाठी फारसी कोश कशाला, हे दुसऱ्या पायरीवर कळेल.
- एक कोरी वही. पुस्तकात हा शब्द जेथे जेथे येईल, तो पृष्ठक्रमांक आणि बोलणाऱ्याचे नाव तीत लिहायचे आहे.

१. शब्द डोळ्यांनी नव्हे, कानांनी ओळखा

पहिली अडचण वर्णलेखनाची आहे. काही लेखक मूळ फ्रेंच वर्णलेखन जसेच्या तसे ठेवतात, आणि तेव्हा फ्रेंच न जाणणारा वाचकही निदान 'मर्सी बोकू' ('फार आभारी आहे') आठवून अर्थापर्यंत पोहोचतो. मात्र बोलीचा ठसा उमटवू पाहणारे लेखक तो कानाला ऐकू येतो तसा लिहितात: बी, दोन ओ, के, दोन ओ, किंवा के ऐवजी सी, किंवा मध्ये जागा सोडून दोन तुकडे, किंवा जोडरेघ घालून. अशा वेळी शब्द कोशात शोधण्याआधी तो मोठ्याने वाचावा. बू-कू असे कानावर पडले आणि पाठोपाठ नाम आले, की नव्वद टक्के काम झाले.

उरलेल्या दहा टक्क्यांत तीन खड्डे आहेत. जुन्या ब्रिटिश बोलीत 'बोको' म्हणजे नाक. ठोसा बोकोवर बसला असेल तर तो पुष्कळ ठिकाणी बसलेला नसतो. जपानी संवादांत 'बोकू' हे मुलाने किंवा पुरुषाने स्वतःसाठी वापरलेले सर्वनाम, म्हणजे 'मी', असते. जपानी चित्रमालिकांची मराठी उपशीर्षके करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. इंडोनेशियन आणि मलय भाषांत 'बुकू' म्हणजे पुस्तक. आग्नेय आशियात घडणाऱ्या कथेत हा तिसरा खड्डा विशेष फसवा ठरतो, कारण तेथे आपला 'बूकू'सुद्धा भेटू शकतो.

२. मूळ फ्रेंच शब्द नीट समजून घ्या

'बो' म्हणजे सुंदर, छान. 'कू' म्हणजे फटका, तडाखा. राजकीय बातम्यांतील 'कू देता' (बळाने केलेला सत्तापालट) मधला 'कू' तोच. या 'कू'चे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधून मागे जात ग्रीक भाषेतील ठोशाच्या शब्दापर्यंत पोहोचते. म्हणजे 'बोकू'चा अक्षरार्थ 'छान तडाखा' असा होतो. छान तडाख्याचा पुष्कळपणाशी काय संबंध, असे वाटेल. पण मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागू नये. आपण पुरणपोळीवर 'चांगला हात मारतो', तेव्हा हात सुंदर नसतो आणि मारामारीही झालेली नसते. एखाद्या कचेरीत आपल्याला 'चांगले दोन तास' बसवून ठेवतात, तेव्हा त्यात चांगले काहीच नसते. 'चांगला' हा शब्द गुण सोडून परिमाण सांगू लागतो, आणि जुन्या फ्रेंचमध्ये नेमके हेच झाले. त्यापूर्वी 'पुष्कळ' साठी लॅटिन 'मुल्तुम' पासून आलेला 'मूल्त' हा शब्द चालत असे. 'बोकू'ने त्याला हळूहळू बाजूला सारले, आणि आज 'मूल्त' कोणी वापरलाच तर मुद्दाम जुनाट बोलण्याची गंमत म्हणून वापरतो.

आता फारसी कोश उघडा आणि 'खूब' पाहा. त्याचा मूळ अर्थ चांगला, छान. आपला 'खूप' तेथूनच आला. फारसी दरबारी व्यवहाराबरोबर तो मराठीत उतरला, त्याचा 'चांगला' हा अर्थ गळून पडला आणि 'पुष्कळ' एवढाच उरला. म्हणजे 'बोकू' आणि 'खूप' हे अर्थाच्या वाटेने पाहिले तर जुळे भाऊ आहेत.

हे कळल्यावर मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात मी दुसरी चूक केली. सगळ्या 'बूकूं'चे 'खूप' करून टाकले. व्युत्पत्ती जुळते म्हणून भाषांतर जुळेल असे मानणे हा या कामातील सर्वांत मोहक सापळा आहे. 'खूप'चे परकेपण कधीच संपले. पहिलीतले मूल तो वापरते आणि फारसीची आठवण कोणालाही होत नाही. 'बूकू' मात्र अमेरिकी वाचकाच्या कानाला आजही बाहेरचा लागतो, आणि त्या बाहेरचेपणासाठीच लेखकाने तो वापरलेला असतो. नुसते पुष्कळच सांगायचे असते, तर इंग्रजीत त्यासाठी साधे शब्द पडून आहेत.

उच्चाराविषयी थोडेसे. फ्रेंचमध्ये शेवटचा 'प' एरवी मुका असतो आणि 'कू' मधला स्वर आपल्या दीर्घ ऊ सारखाच असतो. इंग्रजी भाषकांची जीभ कधीकधी दुसऱ्याच फ्रेंच स्वराकडे घसरते आणि 'फार आभारी आहे' चे 'छान पार्श्वभाग' होऊन बसते. हा विनोद फ्रेंच शिकवण्यांत फार जुना आहे आणि इंग्रजी पुस्तकांतही डोकावतो. मराठी माणसाला 'कू' नैसर्गिकपणे येतो. त्यामुळे असा विनोद आढळल्यास तो अक्षरशः उतरवण्याचा हट्ट न धरता गोंधळ कसा झाला ते प्रसंगातच उमगेल अशी वाक्यरचना करावी. 'मर्सी बकेट्स' हा त्याच जातीचा मुद्दाम केलेला अपभ्रंश आहे. तेथे बादल्या शोधू नयेत.

३. हा शब्द बोलणाऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, ते शोधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. अमेरिकी इंग्रजीत 'बूकू' येण्याच्या तीन मोठ्या वाटा आहेत, आणि पात्र कोणत्या वाटेवर उभे आहे हे ठरल्याशिवाय मराठी शब्द निवडू नये.

पहिली वाट लुइझियानाची. न्यू ऑर्लिन्स हे शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवले. १८०३ मध्ये नेपोलियनच्या फ्रान्सने लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेला विकला, तरी लोकांच्या घरातील फ्रेंच त्या व्यवहारात विकली गेली नाही. पुढे १९२१च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजीचीच सक्ती केली, आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांच्या एका पिढीला आपली भाषा लाजेची गोष्ट वाटू लागली. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या जतनासाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली. या सगळ्या चढउतारांत काही शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही टिकून राहिले. भाजीवाला आपल्या पिशवीत वर टाकतो त्या कोथिंबिरीसारख्या फुकटच्या वाढाव्याला तेथे 'लॅन्याप' म्हणतात (हा शब्द स्पॅनिशमार्गे आला असून त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेत आहे). आपला 'बूकू' त्याच घरचा. या वाटेवरच्या पात्राला तो आजीकडून मिळालेला असतो. त्यात युद्ध नसते, शहाणपणा मिरवणे नसते, स्वयंपाकघर असते.

दुसरी वाट पहिल्या महायुद्धाची. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे वीस लाख अमेरिकी सैनिक फ्रान्सला पोहोचले. दुकानात, खानावळीत आणि खंदकामागच्या खेड्यांत त्यांच्या कानावर जी फ्रेंच पडली, ती त्यांनी आपल्या जिभेने वळवून घेतली. 'ताबडतोब' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचे 'टूट स्वीट' झाले. त्यांच्या बाजूला लढणाऱ्या ब्रिटिशांनी 'आता काही उरले नाही' या वाक्याचे 'नापू' केले आणि 'काही हरकत नाही' चे 'सॅन फेरी ॲन' केले. हेच ब्रिटिश सैनिक हिंदुस्थानातून 'विलायती' चे 'ब्लायटी' आणि 'देखो' चे 'डेको' करून घेऊन गेलेले होते, त्यामुळे हा कारखाना आपल्याला अनोळखी नाही. या वाटेवरचा 'बूकू' खेळकर असतो. परदेश पाहून आलेल्या खेड्यातील तरुणाची ती किंचित ऐट असते.

तिसरी वाट व्हिएतनामची, आणि येथे थोडे थांबावे लागेल, कारण मराठीत येणाऱ्या पुस्तकांत हीच वाट अधिक भेटते. फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगाव घेतले, १८८७ मध्ये इंडोचायनाचा संघ उभा केला आणि मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथील पराभवानंतर त्यांना निघावे लागले. एवढ्या काळात व्हिएतनामी भाषेत कॉफी, साबण, लोणी, चीज आणि रेल्वे स्थानक यांचे फ्रेंच शब्द मुरले, आणि फ्रेंच मालक व स्थानिक नोकर यांच्यामध्ये 'तेय बोय' नावाची एक मोडकी फ्रेंचही तयार झाली. मार्च १९६५ मध्ये अमेरिकी मरीन सैनिक दा नांग येथे उतरले, तेव्हा परक्या सैनिकाशी मोडक्या भाषेत बोलण्याची सवय तेथे आधीपासून होती. स्थानिक माणसाने, समोरचा गोरा आहे म्हणजे त्याला हे कळेल अशा समजुतीने, फ्रेंच शब्द वापरले. अमेरिकी सैनिकाने ते व्हिएतनामी समजून उचलले. दोघेही तिसऱ्याच्याच भाषेत बोलत होते. हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी कितीतरी वेळ हसत होते, आणि मग हसू ओसरले.

या बोलीत 'बूकू' एकटा नसतो. त्याच्या उलट अर्थाचा 'टीटी' असतो, म्हणजे थोडेसे. तो फ्रेंच 'पती' वरून आला असे म्हणतात, पण व्हिएतनामी भाषेतही 'ती' म्हणजे थोडेसे असते, आणि दोन्हींनी एकमेकांना हात दिला असावा असे मला वाटते. 'डीडी माऊ' म्हणजे लवकर निघा. 'डिंकी डाऊ' म्हणजे डोके फिरलेला. त्यावरून 'बूकू डिंकी डाऊ', ठार वेडा. 'फिनी' म्हणजे संपले, आणि माणसाबद्दल असेल तर मेला. 'मामा-सान' आणि 'पापा-सान' यांतील 'सान' जपानी आहे. आधी जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैन्याबरोबर तो आला. म्हणून पुस्तकात 'बूकू' दिसला की त्याच्या आसपास हे सगळे कुटुंब शोधा आणि वहीत एकत्र नोंदवा. एकाचे मराठी करून दुसऱ्याला तसाच ठेवला, तर पात्राचे बोलणे फाटते.

या वाटेवरचा 'बूकू' क्वचितच खेळकर असतो. समोरच्या झाडीत शत्रू 'बूकू' आहेत, असे एखाद्या शेतकऱ्याने सांगितले, तर त्यात आकडा नसतो. पाच असतील किंवा पाचशे असतील. सैनिकाची भीती त्या अनिश्चिततेतच असते. मी एके ठिकाणी वाक्य ठसठशीत करण्याच्या नादात 'शेकडो' लिहिले होते. पुढच्याच पानावर शत्रू सहाच निघाले आणि माझा अनुवाद मूळ पुस्तकाशी खोटे बोलू लागला.

चौथी एक जागा आहे, पण ती या तिन्हींपासून अगदी वेगळी ठेवा: मॉरिशस. तेथे १७१५ पासून १८१० पर्यंत फ्रेंचांची आणि पुढे १९६८ पर्यंत इंग्रजांची सत्ता होती, आणि १८३४ नंतर जे गिरमिटिया मजूर हिंदुस्थानातून गेले त्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या आजच्या पिढ्या घरीदारी जी क्रेओल (फ्रेंचपासून घडलेली तिथली बोली) बोलतात, तिच्यात 'बुकू' हा पुष्कळ या अर्थाचा रोजचा साधा शब्द आहे. त्यात ना ऐट, ना आठवण. मॉरिशसच्या मराठी कुटुंबावरील लेखनात तो आला तर सरळ 'खूप' किंवा 'पुष्कळ' करावा. तेथे रग्गड, चिक्कार अशी फोडणी दिली तर साध्या बोलण्याचे नाटक होते.

४. वाक्यातील त्याची जागा पाहा

फ्रेंचमध्ये 'बोकू' नंतर नाम आणायचे तर मध्ये 'द' हे शब्दयोगी लागते. अमेरिकी बोलीने ते टाकून दिले आणि 'बूकू' थेट नामाला चिकटवला. म्हणून एखाद्या पात्राच्या तोंडी तो 'द' शाबूत असेल, तर ते पात्र खरोखर फ्रेंच जाणते, अशी खूणगाठ बांधावी. फ्रेंचमध्ये 'बोकू'पूर्वी 'अति' या अर्थाचा 'त्रे' लावत नाहीत. पात्राने लावला असेल, तर लेखक त्याची कच्ची फ्रेंच दाखवत आहे आणि मराठीतही ते बोलणे थोडे अडखळले पाहिजे.

इंग्रजीत त्याचे अनेकवचनही होते, 'बूकूज', आणि मग तो नाम बनतो: पैशांचे ढीग, कामाच्या राशी. दक्षिणेकडील बोलीत 'ऊडल्स' या पुष्कळवाचक शब्दाशी त्याचे लग्न लावून 'बूकूडल्स' असाही प्रकार केला गेला आहे. तेथे मराठीतही जोडशब्दाचा खेळ करायला हरकत नाही. 'ढीगच्या ढीग', 'पोत्याने', 'खंडीभर' यांपैकी काहीतरी शोभून जाते.

नकारार्थी वाक्यात मात्र सावध राहा. 'बूकू नाही' चे 'खूप नाही' असे केले, तर ते मराठी कोणाच्याही तोंडी बसत नाही. 'फारसे नाही', 'काही फार नाही' असे म्हणावे.

५. बोलणाऱ्याचा मराठी शब्द निवडा

येथे मराठी इतकी श्रीमंत आहे की अडचण टंचाईची नसून निवडीची होते. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि कोशात सगळ्यांचा अर्थ 'पुष्कळ' असाच दिलेला असल्यामुळे नवखा अनुवादक फसतो. बक्कळ म्हटले की पैसा पुढे येतो. बक्कळ डास कोणी म्हणत नाही. रग्गड पैशालाही चालतो आणि कामालाही, आणि त्यात थोडी फुशारकी असते. चिक्कार गर्दीला आणि कंटाळ्याला उत्तम, शहरी आणि महाविद्यालयीन वयाचा. मुबलक पाण्याला, चाऱ्याला, धान्याला. त्याला सरकारी पत्रकाचा वास आहे. विपुल ग्रंथलेखनाला. अमाप उत्साहाला आणि संपत्तीला. बेसुमार, म्हणजे फारसीतून आलेला 'मोजदाद नसलेला', यात नेहमी थोडी तक्रार असते: बेसुमार वृक्षतोड म्हणतात, बेसुमार आनंद म्हणत नाहीत. मायंदाळ आणि मोप हे खेड्यातील, शेताच्या बांधावरचे. खानदेशात 'गंज' म्हणतील. लई सगळीकडे चालतो, पण चित्रपटांनी त्याचा इतका वापर केला आहे की तो लिहिला की पात्र विनोदी वाटू लागते, आणि जखमी सैनिकाच्या तोंडी ते बरे दिसत नाही.

माझे सध्याचे ठोकताळे असे आहेत. लुइझियानाच्या आजीसाठी 'मोप' किंवा 'भरपूर', प्रसंगी 'रेलचेल'. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या तरुणासाठी 'रग्गड'. शहरी माणूस 'बूकू बक्स' म्हणत पगाराची बढाई मारत असेल, तर 'बक्कळ पैसा'. व्हिएतनाममधील सैनिक शत्रूबद्दल बोलत असेल तर पुष्कळदा विशेषणच टाळून क्रियापद कामाला लावते: 'झाडी माणसांनी भरली आहे'. ज्या डासांपासून हे सगळे सुरू झाले, त्यांचे शेवटी 'डासांनी नुसता उच्छाद मांडला होता' असे झाले, आणि जीवशास्त्राच्या गुरुजींनी त्याला हरकत घेतली नाही.

एक पर्याय अजून माझ्या मनात वादाचा आहे. सैन्यातून सुट्टीवर आलेल्या मराठी जवानाच्या बोलण्यात छावणीची हिंदी येते. 'बहोत', 'एकदम', 'खतम' असे शब्द तो गावाकडच्या ओसरीवरही वापरतो. 'बूकू' आणि 'फिनी' यांचे सामाजिक स्थान जवळजवळ हेच आहे. मी एका संवादात 'तिकडं बहोत आहेत, एक खतम झाला' असे लिहून पाहिले. वाक्य जिवंत झाले, पण तो अमेरिकी सैनिक साताऱ्याचा वाटू लागला. एखाद-दुसऱ्या वाक्यात हे चालते. सबंध पुस्तकभर करू नये, असे मला वाटते. ज्यांचे मत उलट आहे अशा दोन अनुभवी अनुवादकांना मी ओळखते, आणि त्यांची पुस्तके वाचनीय आहेत हेही मान्य करते.

६. शब्द तसाच ठेवायचा की नाही, हे ठरवा

कधीकधी 'बूकू' मराठीतही 'बूकू'च राहिला पाहिजे. त्यासाठी मी तीन प्रश्न विचारते. कथेतील दोन माणसे एकमेकांची भाषा न कळल्यामुळे हा शब्द वापरत आहेत का? पुस्तकात पुढे कोणी त्या शब्दावरच बोलते का, म्हणजे 'हा शब्द कुठून शिकलास?' असे विचारते का? आणि युद्धानंतर अनेक वर्षांनी तोच शब्द अचानक तोंडून निघून जुनी आठवण उघडते का? एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर शब्द ठेवावा.

ठेवायचा असेल, तर पहिल्या प्रसंगी अर्थ वाक्यातच विणून टाकावा. उदाहरणार्थ: 'म्हातारा दोन्ही हात फाकवून "बूकू, बूकू" म्हणत राहिला.' फाकलेल्या हातांनी अर्थ सांगितला; तळटीप लागली नाही. तळटीप द्यायचीच असेल, तर ती दोन ओळींची असावी: मूळ फ्रेंच, अर्थ पुष्कळ, सैनिकी बोलीत फ्रेंच वसाहतीच्या काळातील मोडक्या भाषेतून. लुइझियानाचा सगळा इतिहास तळटिपेत घालण्याचा मोह होतो. मला झाला होता, आणि ती टीप पानाच्या निम्म्या भागापर्यंत चढली होती.

'मर्सी बोकू' हा वेगळा विषय आहे. पुण्या-मुंबईत शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात गुणांसाठी फ्रेंच घेतलेल्यांची संख्या मोठी असल्यामुळे तो वाचकांना कळतो, आणि पात्र दिखाऊपणाने म्हणत असेल तर तसाच ठेवणे उत्तम. मनापासून म्हणत असेल, तर 'फार आभारी आहे' हे 'खूप धन्यवाद' यापेक्षा मराठीला जवळचे आहे.

७. हस्तलिखित देण्यापूर्वी

वहीतील सर्व नोंदी पुन्हा पाहा. एकाच पात्राच्या तोंडी या शब्दाची तीन वेगवेगळी मराठी रूपे आली असतील, तर त्याला कारण आहे का, ते तपासा. ठेवलेल्या शब्दाचे लेखन एकच ठेवा: अमेरिकी माणूस बोलत असेल तेथे 'बूकू', फ्रेंच माणूस बोलत असेल तेथे 'बोकू'. हा फरक मुद्दाम केला आहे, अशी चिठ्ठी अक्षरजुळणी करणाऱ्यांसाठी आणि मुद्रितशोधकांसाठी हस्तलिखिताच्या पहिल्या पानाला टाचणीने लावा, कारण शब्द अनोळखी असला की चांगला मुद्रितशोधक दोन्ही रूपे एकसारखी करून टाकतो, आणि कर्तव्य म्हणूनच करतो. माझ्या दुसऱ्या पुस्तकात एका सायगावच्या शिक्षिकेची अस्खलित फ्रेंच अशीच एका रात्रीत सैनिकी झाली होती. त्या चिठ्ठीवर मी आता 'बुकू' हे तिसरे रूपही लिहून देते; मॉरिशसचे पुस्तक हातात नसले तरी.